दुसरा तुकडा

मार्थाकाकूंनी माझा तुकडा टेबलावरून उचलला तो दोन बोटांच्या चिमटीत, भाजीत निघालेला केस धरावा तसा.

"कुठून उतरवलास गं?"

"उतरवला नाही, काकू. मी केलाय."

"केलास तू, ते दिसतंय. हात बरा आहे तुझा. नमुना कुणाचा ते विचारतेय."

"माझाच."

त्या हसल्या. हॉलमध्ये सोळा बायका होत्या. एकीचीही सुई चालत नव्हती.

याला आता बारा वर्षं झाली. आमच्या मिशन कंपाउंडमधल्या चर्चला त्या ईस्टरला शंभर वर्षं पूर्ण होणार होती, आणि प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस ज्यावर ठेवतात त्या टेबलासाठी क्रोशाचा नवा रुमाल करायचा होता. पद्धत ठरलेली होती. ज्या बाईला वाटेल तिने बशीएवढा एक तुकडा करून आणायचा. सगुणाबाई त्यातला एक निवडणार. मग महिला मंडळातल्या सगळ्या जणी दर गुरुवारी हॉलमध्ये बसून तोच तुकडा पुन्हा पुन्हा करणार, असे साठ तुकडे, आणि ते जोडून रुमाल होणार. अट एकच होती. नमुना बाहेरून आणलेला नको. त्याच्या आठ वर्षं आधी एकीने मासिकातला नमुना स्वतःचा म्हणून दिला होता, आणि जिल्ह्याच्या संमेलनात आमच्या बायकांना दुसऱ्या गावच्या चर्चमध्ये तोच रुमाल, शेवटच्या गोंड्यापर्यंत तोच, टेबलावर अंथरलेला दिसला होता. त्या बाईला मंडळातून काढलं. तिचं नाव नंतर कुणी घेतलं नाही. "ती मासिकवाली" एवढंच म्हणत.

"आता मासिकं तरी कुठे लागतात," मार्थाकाकू सगळ्यांकडे बघत म्हणाल्या. "ह्यांच्या घरी कॉम्प्युटर आहे. बटण दाबलं की हजार नमुने. एम.एस्सी. झालेली पोरगी जूनपासून घरात बसलीय. दुसरं करते काय?"

"नोकरी बघतेय ती," आई म्हणाली.

"सुईच्या टोकावर बघते का?" मागून कुणीतरी म्हणालं, आणि हॉल हसला.

आई मंडळाची चिटणीस होती. अकरा वर्षांचं इतिवृत्त तिच्या अक्षरात होतं. ते रजिस्टर ती घरी जुन्या साडीत गुंडाळून कपाटाच्या वरच्या खणात ठेवायची, बायबलशेजारी. माझ्यावर चोरी शाबीत झाली असती तर मी मंडळातून गेलेच असते, पण ते रजिस्टरही त्याच दिवशी गेलं असतं. हे तिला माहीत होतं आणि मलाही.

"कागद दाखव," मार्थाकाकू म्हणाल्या. "नमुना तुझा ना? मग कुठेतरी आखला असशील. चौकटी, टाक्यांचे आकडे. आम्ही अडाणी, तरी आखतो."

"कागद नाही."

आई माझ्याकडे झुकली. "तू तर दुधाला उकळी यायला किती मिनिटं लागली तेसुद्धा लिहून ठेवतेस. आणि ह्याचाच कागद नाही?"

"नाही."

"खरं सांग, एस्तू. कुठून घेतलंस? आत्ता सांगितलंस तर मी काहीतरी बोलते. माफी मागू आपण."

मी तिच्याकडे बघितलं. तिचं ठरलेलं होतं. माफी कशी मागायची याची वाक्यंसुद्धा तिने मनात जुळवायला घेतली असावीत.

तिची तरी काय चूक म्हणा. दोन वर्षं वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी प्रत्येक पाचव्या मिनिटाला तापमान लिहिलं होतं. क्रोशा हातात घेतला तेव्हासुद्धा पहिल्या महिन्यात मी वही घातली होती: कुठल्या सुईने, कुठल्या दोऱ्याने, दहा खांब, म्हणजे उभे टाके, घातले की किती सेंटिमीटर होतात. पण ह्या तुकड्याचं काही लिहिता येईना. ओळीने सांगता येईल असं त्यात काही नव्हतंच.

"पुन्हा कर," सगुणाबाई म्हणाल्या.

मिशनच्या मुलींच्या शाळेत त्यांनी पस्तीस वर्षं शिवणकाम शिकवलं होतं. तिथे बसलेल्या सोळाच्या सोळा जणी, आईसकट, त्यांच्या हाताखालून गेलेल्या. टाका चुकला की लाकडी पट्टी बोटांच्या सांध्यांवर बसायची. 'चांगलं झालंय' हे शब्द त्यांच्या तोंडून ऐकल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"काय, बाई?"

"हाच तुकडा. इथे बस आणि पुन्हा कर. पाचला पुरुषांची कमिटी येते, तोवर." त्यांनी मार्थाकाकूंच्या चिमटीतून माझा तुकडा घेतला, टेबलावर ठेवला आणि त्यावर गीतांचं पुस्तक ठेवलं. "डोक्यातला आहे म्हणतेस ना? डोकं तर बरोबर आणलंयस."

"आणि जुळला नाही तर?" मार्थाकाकूंनी विचारलं.

"तर तुला काय म्हणायचंय ते म्हण."

मंडळाच्या पत्र्याच्या पेटीतून पांढऱ्या दोऱ्याची गुंडी निघाली. सुई माझीच होती. माझी खुर्ची टेबलाच्या टोकाला ओढली गेली आणि बायकांनी आपापल्या खुर्च्या अशा वळवल्या की सगळ्यांना माझे हात दिसावेत. सव्वादोन वाजले होते.

मी पहिली साखळी घातली आणि मला कळलं की मला काहीही आठवत नाही.

म्हणजे कसं करायचं ते आठवत होतं. मधून सुरुवात करायची, साखळ्यांची जाळी बाहेर बाहेर नेत जायची. जाळी चालू असतानाच मध्ये थांबून एक ठिपका भरायचा, त्यात शेजारी शेजारी दोन गोल भोकं ठेवायची आणि तोच दोरा न तोडता पुढे जायचं. मध्याजवळचे ठिपके मोठे आणि लांब लांब, कडेकडे बारीक आणि दाटीवाटीने. पण पहिल्या तुकड्यात कुठला ठिपका कुठे होता? नऊ दिवस मी त्यावर करत-उसवत घालवले होते, आणि आता एकाचीही जागा डोळ्यांसमोर येत नव्हती.

"विचार करतेय," कुणीतरी म्हणालं.

"आठवतेय. पाठ केलेलं विसरतं माणूस."

मी पहिला ठिपका घातला. दुसरा त्याच्यापासून जरा दूर, कारण जवळ घातला तर मधला भाग गच्च होणार. तिसरा घालताना तो पहिल्या दोघांच्या रेषेत येत होता. रेष नको होती, म्हणून मी तो बाजूला सरकवला. असं एकेक. पाठ केलेलं काही नव्हतंच, तर विसरणार काय, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. सुचलं नाही. मला फक्त भीती वाटत होती.

"हे दिसतंय कशासारखं?" माझ्या डावीकडून.

"डोळ्यांसारखं. बघ ना, प्रत्येकाला दोन दोन डोळे."

"माझी नणंद अशीच बघते."

त्या हसत होत्या, चहा आला तेव्हा चहा पीत होत्या, आणि कुणीही मला कप पुढे केला नाही. आई समोरच्या रांगेत रजिस्टर मांडीवर घेऊन बसली होती. ती माझ्या हातांकडे बघत नव्हती, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. मार्थाकाकू दर थोड्या वेळाने वेळ सांगत होत्या, परीक्षेत सांगतात तशी. "साडेतीन." "पावणेचार, एस्तेर." "सव्वाचार झाले, आटप."

सव्वाचारला मी कडेपाशी आले, आणि तेव्हा माझं लक्ष पुस्तकाकडे गेलं.

पुस्तक तिरकं होतं. त्याच्या कोपऱ्याखालून माझ्या पहिल्या तुकड्याची दोन बोटं रुंद कड बाहेर आली होती. तीन ठिपके स्पष्ट दिसत होते. दोन जवळजवळ चिकटलेले आणि तिसरा थोडा वर, एकटा.

मी आजूबाजूला बघितलं. बायका एकमेकींत बोलत होत्या. सगुणाबाई डोळे मिटून बसल्या होत्या, मांडीवर हात, हनुवटी छातीला लागलेली.

निदान एवढं तरी जुळेल. मी तसेच तीन ठिपके घातले: दोन चिकटून, तिसरा वर. पाच-सहा मिनिटं लागली. मग पुढचा घालायला गेले तर जागाच बरोबर उरेना. एका बाजूला खळगा पडत होता आणि दुसऱ्या बाजूला जाळी ताणली जाऊन सुई आत शिरत नव्हती. मी ते तीन ठिपके न्याहाळले. टाके बरोबर होते. फक्त ते त्या तुकड्याचे होते, ह्या तुकड्याचे नव्हते.

मी सुई काढली आणि दोरा ओढला.

"उसवलं!" मार्थाकाकू जवळजवळ उभ्याच राहिल्या. "बघा, बघा, उसवतेय. चुकली!"

आईने डोळे मिटले. मी तीनही ठिपके उसवले आणि त्या जागी चार घातले, जिथे जागा मागत होती तिथे. मग उरलेली कड पुरी केली. पाचला चार मिनिटं कमी असताना मी दोरा ओवून घेतला आणि तुकडा टेबलावर ठेवला.

मार्थाकाकूंनी पुस्तक उचललं आणि दोन्ही तुकडे शेजारी शेजारी मांडले. त्या बोट ठेवून मोजायला लागल्या. "ह्यात मध्ये चार मोठे. ह्यात पाच. ह्यात हे दोन जवळ, ह्यात केवढे लांब. इकडे मोकळं, तिकडे भरलेलं. विमल, ये गं, तूच बघ. तुझ्या लेकीचं एक तरी जुळतंय का?"

आई जागची उठली नाही.

"नेटवाली," कुणीतरी हळूच म्हणालं. नाव ठेवून झालंसुद्धा होतं.

"बाई, झालं ना आता?" मार्थाकाकू म्हणाल्या.

सगुणाबाईंनी चष्मा पदराने पुसला. दोन्ही तुकडे खिडकीच्या उजेडात धरले, मग पालथे करून मागची बाजू बघितली. मोजताना त्यांचे ओठ हलत होते.

"मार्था, तुझ्या तुकड्यातला द्राक्षाचा घोस आत्ता पुन्हा करायला बसवला तर?"

"डोळे मिटून करीन, बाई. टाक्याला टाका जुळेल."

"जुळेलच. तो तुला मी सातवीत शिकवला. मला मिशनच्या मिससाहेबांनी शिकवला. त्यांना कुणी, ते प्रभूला ठाऊक." त्यांनी तुकडे खाली ठेवले. "उतरवलेलं जुळतं."

"म्हणजे जुळलं नाही ते खरं? हा कुठला न्याय, बाई? मग आम्ही जन्मभर टाके कशाला मोजले?"

"हिचं चुकलंय कुठे ते दाखव. कडेला एक तरी मोठा ठिपका आहे? मध्ये एक तरी बारीक? दोन्हीत बघ."

मार्थाकाकूंनी बघितलं. बराच वेळ बघितलं.

"जागा बदलल्यात. कायदा तोच आहे," सगुणाबाई म्हणाल्या. "आणि पुस्तक तिरकं मीच ठेवलं होतं. कड हिला दिसत होती. हिने ती बघितली, तशी केली, आणि तेवढंच उसवलं. चोर असती तर तेवढंच ठेवलं असतं."

म्हणजे त्या झोपलेल्या नव्हत्या. मला आनंद व्हायला हवा होता. माझ्या डोळ्यांसमोर त्यांच्या हातातली ती जुनी लाकडी पट्टी आली.

"हिचाच आहे," त्यांनी जाहीर केलं. आवाजात कौतुक औषधालाही नव्हतं. पंचनामा वाचून दाखवावा तसं त्या बोलल्या. मग माझ्याकडे वळल्या. "काय आहे हे?"

"ज्वारीचं धाट, बाई. आडवं कापलेलं."

मग मार्थाकाकूंना हवं ते मिळालं.

"कडबा!" त्या ओरडल्या. "बाई गं! प्रभूच्या टेबलावर वैरण!"

"चर्चमध्ये म्हैस बांधा आता."

"पाळकसाहेबांना सांगा, प्रभुभोजनाला भाकर नको, कुट्टी आणा."

हसून एकीला ठसका लागला. सगुणाबाई हसल्या नाहीत. "पुढे सांग," त्या मला म्हणाल्या.

"ब्लेडने अगदी पातळ काप काढायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. पाणी आणि अन्न नेणाऱ्या नळ्यांचे जुडगे दिसतात. प्रत्येकात दोन मोठी भोकं, डोळ्यांसारखी. कडेला बारीक आणि दाट असतात, वाऱ्यात धाट मोडू नये म्हणून. मध्ये मोठे आणि विरळ. पण कुठल्याच दोन धाटांत ते एका जागी नसतात. मी शंभरएक काप बघितले. दोन सारखे कधी मिळाले नाहीत."

"मग साठ तुकडे सारखे कसे करायचे?"

"सारखे करायचेच नाहीत. कायदा एक, जागा प्रत्येकीने आपापल्या ठरवायच्या. साठही वेगळे होतील."

"सोळा बायका सोळा तऱ्हांनी करतील."

"हो."

"आणि उद्या कुणी विचारलं, बाई, ह्यात चुकलेला कुठला, तर मी काय दाखवू?"

ते मला आजही दाखवता येणार नाही.

"चर्चच्या मंडळीच्या टेबलावर सारखं लागतं," सगुणाबाई म्हणाल्या. "द्राक्षं घ्या. मार्था, कागद वाट. विमल, लिहून घे."

आईचं पेन लगेच चालायला लागलं. मार्थाकाकूंनी चौकटी आखलेले कागद वाटले. एक माझ्यापुढेही आला. चौकटी स्वच्छ होत्या, प्रत्येक ओळीला आकडा घातलेला. महिन्याभरापूर्वी असा कागद मला फार आवडला असता.

"एस्तेर, तुझ्याकडे चार तुकडे."

"मी द्राक्षं करणार नाही, बाई."

कागदांची सळसळ थांबली. कुणीतरी "अगं!" म्हणालं. आईने मान वर केली, आणि ती मला नाही, सगुणाबाईंना म्हणाली, "करेल ती, बाई. मी बघते."

"मी तिला विचारलंय," सगुणाबाई म्हणाल्या.

"नाही करणार," मी म्हणाले.

"मग गुरुवारी येऊ नकोस."

"नाही येणार."

"विमल, हेही लिही."

आईने लिहिलं. समोरच्या रांगेत बसून, रजिस्टर मांडीवर घेऊन, तिने माझं नाव पूर्ण लिहिलं असणार, कारण इतिवृत्तात ती सगळ्यांची नावं पूर्ण लिहायची. पेन मध्ये एकदाही अडखळलं नाही.

मी दोन्ही तुकडे उचलायला हात पुढे केला.

"तुझा घे," सगुणाबाई म्हणाल्या. "दुसऱ्या तुकड्याचा दोरा मंडळाचा आहे. उसवून गुंडी पेटीत ठेव."

बाहेर कमिटीची माणसं जमायला लागली होती, व्हरांड्यात चपला काढल्याचे आवाज येत होते. काही बायका निघाल्या, काही मुद्दाम रेंगाळल्या. मी शेवटचं टोक सोडवलं आणि दोरा ओढला. कड आधी गेली. बारीक ठिपके टपटप सुटत होते.

"थांब," सगुणाबाई म्हणाल्या.

त्या वाकून बघत होत्या. अर्धा उसवलेला एक ठिपका, एक डोळा शाबूत, एक गेलेला. त्यांनी त्याला हात लावला नाही. ओठ पुन्हा हलले.

"हं. चालू दे."

पुढच्या ठिपक्याला पुन्हा "थांब". पुन्हा "चालू दे". असं त्यांनी सहा-सात वेळा केलं. कसं केलंस हे त्यांनी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. शेवटी माझ्या बोटांत मधली साखळी उरली. तीही ओढली. अडीच तासांचं काम गुंडीवर परत गुंडाळलं गेलं. दोरा थोडा कुरळा झाला होता, एवढाच फरक. मी गुंडी पेटीत टाकली. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही, आणि त्याचं मला नवल वाटत राहिलं.

घरापर्यंत दहा मिनिटांची वाट. आई माझ्यापुढे चार पावलं चालत होती, रजिस्टर काखेत.

"चार घोस केले असतेस तर हात झिजले असते का?" ती मागे न बघता म्हणाली.

"नाही."

"अकरा वर्षं मी त्या बायकांत मान खाली घालावी लागेल असं काही केलं नाही. आज तुझं नाव मला माझ्या हाताने..." तिने वाक्य सोडून दिलं. पाण्याच्या टाकीपर्यंत ती तशीच पुढे चालत राहिली. मग म्हणाली, "आणि ते ज्वारीचं आहे म्हणून मला घरात तरी सांगायचंस. नऊ दिवस माझ्यासमोर बसून करत होतीस."

"तू मला कुठून घेतलं ते विचारलंस, आई. काय आहे ते विचारलं नाहीस."

ती थांबली. वळेल असं वाटलं, पण तिने फक्त रजिस्टर एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतलं आणि चालायला लागली, आधीपेक्षा भराभर.

घरी आल्यावर मी हातपाय धुतले आणि खिडकीपाशी बसून घरच्या दोऱ्याची नवी गुंडी फोडली. पहिला तुकडा मी समोर ठेवला नाही, ड्रॉवरमध्ये टाकला. मधली साखळी घातली. पहिला ठिपका ह्या वेळी कुठे घालायचा याचा विचार करताना मला जाणवलं की आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघतेय.

मी मान वर केली नाही. सुई जाळीत घातली आणि तिसऱ्या तुकड्याचा पहिला ठिपका भरायला घेतला.